१,५६४ गुंडाळ्या आणि एक सोफेर: लंडनच्या केंट हाऊसमधलं प्रकरण

फेब्रुवारी १९६४. लंडनच्या नाइट्सब्रिज भागात केंट हाऊस म्हणून एक जुनी मोठी इमारत आहे, वेस्टमिन्स्टर सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनाघर, तिथेच भरतं. त्या दारात प्रागहून आलेला माल उतरायला लागला. लांबुडकी गाठोडी, पॉलिथिनमधे गुंडाळलेली, प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी. माणसं एकेक उचलून वर नेत होती, मोजदाद झाली तेव्हा आकडा निघाला १,५६४. प्रत्येक गाठोड्यात एक सेफेर तोरा, म्हणजे हाताने लिहिलेली तोराची गुंडाळी, आणि त्या सगळ्या बोहेमिया आणि मोराव्हियाच्या गावांतल्या, आजच्या चेक देशातल्या. ज्या लोकांनी त्या पिढ्यानपिढ्या वाचल्या त्यातले बहुतेक १९४२ ते १९४५ मधे मारले गेले होते.

मी गेली काही वर्षं जुन्या पोथ्या साफ करणं, नोंदवणं, स्कॅन करणं ह्या कामात आहे. आमच्याकडे येतं ते बरंचसं ओल लागलेलं, कसर लागलेलं, पानं एकमेकाला चिकटलेलं असतं आणि दर वेळी टेबलावर तोच प्रश्न असतो की ह्यातलं काय दुरुस्त करायचं, काय जसं आहे तसं ठेवायचं आणि ते ठरवणार कोण. ह्या प्रश्नाचं मला माहीत असलेलं सगळ्यात अवघड उदाहरण म्हणजे हे केंट हाऊसचं, म्हणून ते नीट मांडतोय. ह्यात युद्ध आहे, सरकारी कारभार आहे, पैसेवाले दाते आहेत, पण मला जे सांगायचंय ते लेखनिकाच्या कामाबद्दल आहे. ज्यूंमधे तोरा लिहिणाऱ्या माणसाला सोफेर म्हणतात. गुंडाळ्या वाचवल्या ह्याचं कौतुक खूप झालं आणि ते व्हायलाच हवं, पण वाचवल्यानंतर तीस वर्षं त्यांचं काय करायचं हे ज्यांनी ठरवलं आणि निभावलं त्यांचं काम मला जास्त मोठं वाटतं.

आधी ती वस्तू काय आहे ते समजून घ्यायला लागेल, नाहीतर पुढची अडचण कळणार नाही.

तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं. छापील प्रती घराघरात असतात पण सिनेगॉगमधे शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, जे जाहीर वाचन होतं ते हाताने लिहिलेल्या गुंडाळीतूनच करायचं असतं. त्यात स्वरचिन्हं नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ओव्यांसारखे आकडे नाहीत, नुसती व्यंजनं, परंपरेने मोजलेली ३,०४,८०५ अक्षरं. लिहायचं कातड्यावर, आणि कातडं खायला चालणाऱ्या जनावराचंच, गाय, मेंढी, बकरी, हरीण असं, आणि तेसुद्धा ह्याच कामासाठी असं मनात धरून कमावलेलं. एकेका तुकड्यावर तीनचार रकाने. आधी बोथट टोकाने, शाई न लावता, आडव्या रेघा दाबून घ्यायच्या. आणि हे वाचलं तेव्हा मला फार आपलंसं वाटलं होतं, हिब्रू अक्षरं रेघेवर उभी नसतात, रेघेला खाली लटकलेली असतात. आपण देवनागरी शिरोरेघेला टांगतो तशीच. लॅटिन लिपी लिहिणाऱ्याला हे मुद्दाम समजावून सांगायला लागतं, आपल्याला नाही.

लेखणी युरोपकडच्या ज्यूंची पिसाची, टर्की किंवा हंसाचं पीस, आणि पूर्वेकडच्या, अरब मुलखातल्या ज्यूंची बोरूची. आपल्या आज्यापणज्यांनी ज्याने कित्ते गिरवले तसाच बोरू. शाई मायफळ, डिंक आणि हिराकस किंवा मोरचूद घालून केलेली. आमच्या पोथ्यांत काजळाची शाई जास्त दिसते, पण हिराकस घातलेल्या शाईने कागद कसा खाल्ला जातो तेही आम्ही बघतो, त्यामुळे ह्या शाईची गंमत आणि धोका दोन्ही ओळखीचं आहे.

सोफेर आठवणीतून लिहू शकत नाही, कितीही पाठ असलं तरी. समोर खात्रीची प्रत पाहिजे आणि शब्द लिहायच्या आधी तो तोंडाने म्हणायचा. देवाचं नाव आलं की थांबायचं, हे मी त्या नावाच्या पावित्र्यासाठी लिहितोय असं म्हणायचं, मगच लेखणी टेकवायची. काही सोफेर रोज कामाला बसायच्या आधी मिकवेमधे, म्हणजे विधीच्या कुंडात, बुडी मारून येतात. एक गुंडाळी लिहायला साधारण वर्ष जातं, काहींना दीड. मग तुकडे जनावराच्या स्नायूच्या दोऱ्याने शिवायचे आणि दोन लाकडी दांड्यांना बांधायचे.

आता नियम. ह्या तीन लाखांवरच्या अक्षरांपैकी एक कमी असेल, एक जास्त असेल, एक दुसऱ्याला चिकटलं असेल किंवा एखाद्याचा इतका टवका उडाला असेल की ते तेच अक्षर राहिलेलं नाही, तर अख्खी गुंडाळी पसूल, बाद. तिच्यातून जाहीर वाचन करायचं नाही, आणि अशी चुकीची गुंडाळी दुरुस्त न करता तीस दिवसांपेक्षा जास्त ठेवायची नाही असं तालमूदमधे, म्हणजे ज्यूंच्या धर्मशास्त्राच्या जुन्या ग्रंथात, सांगितलंय.

आमच्या पोथ्यांच्या शेवटी लेखकू बऱ्याचदा एक ठरलेला श्लोक घालतो. यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया, यदि शुद्धमशुद्धं वा मम दोषो न विद्यते. जसं दिसलं तसं उतरवलं, शुद्ध असो अशुद्ध असो, मला दोष देऊ नका. तो श्लोक मला फार आवडतो, दिवसभर वाकून लिहिलेल्या माणसाचं म्हणणं आहे ते. पण सोफेरला असं म्हणता येत नाही. त्याला दोष लागतोच, आणि तो दोष गुंडाळीलाही लागतो. आमच्याकडे चुकलं की त्यावर हरताळ फासायचा, पिवळा लेप, आणि वरून लिहायचं, आपली म्हण तिथूनच आलीये. सोफेर हरताळ फासत नाही, तो पात्याने किंवा काचेने शाई खरवडून काढतो आणि परत लिहितो, आणि देवाच्या नावात चूक झाली तर खरवडायलाही परवानगी नाही. तो तुकडाच काढायचा, नवा लिहायचा आणि जुना सन्मानाने बाजूला ठेवायचा.

हे डोक्यात ठेवा आणि मग १,५६४ गुंडाळ्या डोळ्यापुढे आणा.

त्या प्रागमधे एकत्र कशा आल्या ह्याबद्दल एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, की नाझींना नामशेष वंशाचं संग्रहालय काढायचं होतं आणि म्हणून त्यांनी सगळं जमवलं. ह्याला पक्का कागदोपत्री पुरावा नाहीये आणि माझं म्हणणं आहे की ही गोष्ट सांगणं आता बंद केलं पाहिजे, कारण त्यात काम करणाऱ्यांचं श्रेय मारणाऱ्यांना जातं. झालं ते असं की १९४१ च्या शेवटापासून बोहेमिया मोराव्हियाचे ज्यू तेरेझीनच्या नाझी छावणीत आणि तिथून पुढे पूर्वेला पाठवायला सुरुवात झाली, गावंच्या गावं रिकामी होत होती, सिनेगॉग उघडी पडली होती. तेव्हा प्रागच्या ज्यू समाजातल्या लोकांनीच हे सामान प्रागच्या ज्यू म्युझियममधे आणायची कल्पना लावून धरली. म्युझियम १९०६ चं, त्यांचंच. नाझी अधिकाऱ्यांच्या हुकमाखालीच हे चालणार होतं, पण चालवलं ज्यूंनी. १९४२ मधे गावोगावच्या मंडळींना कळवलं गेलं की गुंडाळ्या, चांदीच्या वस्तू, पडदे, पुस्तकं प्रागला पाठवा. पेट्यांवर पेट्या आल्या. म्युझियमच्या लोकांनी प्रत्येक वस्तूचं कार्ड केलं, कुठल्या गावची ते लिहिलं, चिठ्ठी बांधली. हे करत असताना त्यांचीच माणसं एकेक करून गाडीत बसवली जात होती. ग्रंथपाल तोबियास याकोबोवित्स १९४४ मधे गेले. जाणकार मंडळींपैकी जवळपास कोणी राहिलं नाही, हाना वोलाव्कोव्हा ह्या वाचल्या आणि युद्धानंतर त्यांनीच म्युझियम सांभाळलं.

नोंदणीचं काम करणारा माणूस म्हणून सांगतो, ह्या चिठ्ठ्या बांधणाऱ्यांबद्दल वाचताना मला कामावरून उठून बाहेर जावं लागलं होतं. आपण उद्या इथे नसणार हे माहीत असताना कार्डावर गावाचं नाव नीट अक्षरात लिहिणं, हे मला सोफेरच्या कामापेक्षा वेगळं वाटत नाही.

युद्ध संपलं. काही मोजक्या गुंडाळ्या परत उघडलेल्या सिनेगॉगना मिळाल्या पण बाकीच्यांना घ्यायला कोण होतं? १९५० मधे म्युझियम सरकारजमा झालं आणि गुंडाळ्या प्रागच्या मिख्ले भागातल्या एका बंद पडलेल्या सिनेगॉगमधे नेऊन रचल्या. खरं नुकसान तिथे झालं. बंद इमारत, ओल, एकावर एक ढीग, वर्षानुवर्षं कोणी उलगडत नाही. चर्मपत्र शेवटी कातडंच, हवेतली ओल ओढून घेतं, फुगतं, सुकलं की आकसतं. शाई मात्र त्यात मुरलेली नसते, वर बसलेली असते, तिला असं ताणता येत नाही, ती तडकते आणि गुंडाळी उलगडताना टवके सुटतात. एकेक टवका म्हणजे एकेक अक्षर. सिनेगॉगमधे दर आठवड्याला गुंडाळी पुढे सरकत असते, हवा खाते, कोणाचं तरी लक्ष असतं. वाचन थांबलं की ती आजारी पडायला लागते, आणि आमच्या पोथ्यांचं अगदी हेच आहे, कपाटात देवासारखी पूजलेली पोथी दर चातुर्मासात वाचल्या जाणाऱ्या पोथीपेक्षा जास्त खराब निघते.

१९६३ मधे चेकोस्लोव्हाकियाच्या आर्तिया ह्या सरकारी कंपनीने, जी कलावस्तू परदेशी विकून परकीय चलन आणायची, लंडनचे आर्ट डीलर एरिक एस्टोरिक ह्यांना विचारलं की ह्या गुंडाळ्यांना कोणी गिऱ्हाईक आहे का. एस्टोरिकनी राल्फ याब्लॉन ह्यांना सांगितलं, याब्लॉन वेस्टमिन्स्टर सिनेगॉगचे रबाय, म्हणजे धर्मगुरू, हॅरॉल्ड राइनहार्ट ह्यांच्याकडे गेले, आणि हिब्रू ग्रंथांचे जाणकार चिमेन अब्राम्स्की ह्यांना प्रत्यक्ष बघायला प्रागला पाठवलं. त्यांनी मिख्लेमधे गुंडाळ्या उघडून पाहिल्या. याब्लॉननी पैसे भरले. आणि सगळ्याच्या सगळ्या घेतल्या, निवडून चांगल्या तेवढ्या नाहीत. बाद होणार हे उघड दिसत असलेल्याही घेतल्या. ह्या प्रकरणातला पहिला मोठा निर्णय हा, आणि मला तो अगदी बरोबर वाटतो, कारण त्या ढिगातून चांगल्या निवडल्या असत्या तर उरलेल्यांचं काय झालं असतं ते मिख्लेने आधीच दाखवून दिलं होतं.

केंट हाऊसमधे रॅक केले, गुंडाळ्या आडव्या ठेवल्या आणि तपासणी सुरू झाली. प्रत्येक उलगडायची, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि लिहून ठेवायचं की शिवण सुटलीये का, तुकडे गायब आहेत का, शाई उडालीये का, पाणी लागलंय का, जळलंय का. हे काम महिनेच्या महिने चाललं. शेवटी ढोबळ वर्ग पडले. वाचायला ठीक किंवा थोडक्यात ठीक होतील अशा. बरीच मेहनत घेतली तर ठीक होतील अशा. आणि ज्या कधीच वाचनात येणार नाहीत अशा.

इथे काम अडलं. वर्गवारी करणं वेगळं आणि दुरुस्ती वेगळी. दुरुस्ती फक्त सोफेरच करू शकतो आणि असा सोफेर पाहिजे जो हे एकच काम घेऊन बसेल. म्हणजे बघा, लोक साधारणपणे सोफेरकडे एखादी गुंडाळी आणतात, तो तपासतो, काही दिवसांत देतो. इथे दीड हजारावर होत्या.

१९६७ मधे एक दिवस केंट हाऊसच्या दारावर टकटक झाली. डेव्हिड ब्रँड नावाचे सोफेर उभे होते, यिडिश ही युरोपकडच्या ज्यूंची भाषा बोलणारे, काम शोधत सिनेगॉग सिनेगॉग फिरत होते. त्यांनी विचारलं की तुमच्याकडे दुरुस्त करायला तोरा आहे का. त्यांना आत घेतलं आणि रॅक दाखवले.

ते तिथे सत्तावीस वर्षं राहिले.

ह्या प्रसंगाबद्दल मला जास्त काही लिहायचं नाही, जसा घडला तसा पुरेसा आहे. एवढंच सांगतो की कामाची देखरेख रूथ शॅफर ह्या करत होत्या, यिडिश लेखक शोलेम आश ह्यांची मुलगी, त्यांना यिडिश येत होतं, त्यामुळे ब्रँड ह्यांच्याशी बोलायला घरचं माणूस होतं. अशा कामात ही गोष्ट किती महत्त्वाची असते ते करणाऱ्यालाच कळतं. कारागीर एकटा बसतो, महिनोन्महिने, त्याला आज काय सापडलं ते कोणाला तरी त्याच्या भाषेत सांगता यायला हवं.

आता दुरुस्ती म्हणजे नक्की काय, कारण लोकांना वाटतं की पुसट झालेलं गडद करायचं, झालं. तसं नसतं. एक उदाहरण घ्या. हिब्रूत ‘हे’ नावाचं अक्षर आहे, वर आडवी रेघ, उजवा पाय तिला जोडलेला, आणि डावा पाय सुटा, वरच्या रेघेला न लागणारा. तो लागला की ते खेत नावाचं दुसरं अक्षर होतं. समजा शाई पसरून डावा पाय वर चिकटला. आपल्याला वाटेल की मधला ठिपका पात्याने खरवडला की काम झालं. चालत नाही. कारण मग ते अक्षर लिहून झालेलं नाही, खरवडून झालेलं आहे, आणि नियम असा की अक्षर लिहूनच घडलं पाहिजे, आजूबाजूचं काढून टाकून नाही. म्हणून तो अख्खा पाय खरवडायचा आणि नव्याने लिहायचा. पण दोन वेगवेगळी, आपापल्या जागी पूर्ण असलेली अक्षरं शेजारी शेजारी टेकली असतील, तर मधला सांधा नुसता खरवडला तरी चालतो, कारण दोन्ही अक्षरं आधीच लिहून पूर्ण झालेली आहेत. हा फरक मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दोन दिवस डोक्यात घोळत होता.

दुसरं, दालेत आणि रेश. दालेतच्या कोपऱ्याला टोक असतं, रेशचा कोपरा गोल. आपल्या घ आणि ध सारखं, नजर चुकली की संपलं. शमा ह्या प्रार्थनेच्या ओळीत, देव एक आहे असं जिथे म्हटलंय, तिथल्या एक ह्या अर्थाच्या शब्दाचा शेवट दालेतने होतो, आणि ते दालेत मुद्दाम मोठं लिहायची रीत आहे. तिथे कोपरा झिजून रेश झालं तर एक च्या जागी दुसरा असा शब्द होतो. शाईचा एवढासा टवका, आणि वाक्य उलटं.

आणि जेव्हा सोफेरलाच ठरवता येत नाही की उरलेला आकार अजून तेच अक्षर आहे का, तेव्हा लहान मुलाला बोलावतात. अक्षरं ओळखणारं पण अजून अर्थ न कळणारं मूल पाहिजे, कारण अर्थ कळला की माणूस वाक्यावरून अंदाज बांधतो, अक्षर बघत नाही. मुलाला दाखवून विचारायचं हे कुठलं अक्षर, ते म्हणेल ते खरं. ही रीत शेकडो वर्षांची आहे आणि मला ह्या सगळ्या शास्त्रातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. आम्हीसुद्धा हस्तलिखित वाचताना सगळ्यात जास्त चुका तिथेच करतो जिथे ओवी आधीच पाठ असते.

पुसट झालेल्या, पण अजून शाबूत असलेल्या अक्षरावर परत शाई चढवता येते. अजून एक भानगड म्हणजे ही शाई जुनी झाली की तांबूस पडते, आणि अक्षरं काळी असायला हवीत, मग कुठवर तांबूस चालेल हाही धर्मशास्त्राचा प्रश्न होतो. शिवाय जुन्या मध्य युरोपी लेखनिकांच्या सवयी वेगळ्या, काही गुंडाळ्यांत पे अक्षराच्या पोटात अजून एक वळसा, काही अक्षरांवर नेहमीपेक्षा जास्त मुकुटरेघा असं दिसतं. दुरुस्त करणाऱ्याने ते आजच्यासारखं करून टाकायचं नसतं, त्या हाताला आपला हात जुळवून घ्यायचा असतो, शेजारचं अक्षर बघून तसं लिहायचं. ब्रँड ह्यांच्यासमोर एक हात नव्हता, शेकडो हात होते, कित्येक पिढ्यांचे, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांची नावंसुद्धा कुठे लिहिलेली नाहीत कारण सोफेर गुंडाळीत आपलं नाव घालत नाही.

आता तिसरा वर्ग, कधीच वाचनात न येणाऱ्या. एखाद्या गुंडाळीतली निम्मी शाई गेली असेल तर ती दुरुस्त करायला नवी लिहिण्यापेक्षा जास्त काळ लागतो. तुकडे गायब असतील तर दुसऱ्या बाद गुंडाळीतले चांगले तुकडे जोडता येतात, धर्माच्या नियमाला ते चालतं. पण मग चिठ्ठीवरच्या गावाचं काय? तोराच्या पाच पुस्तकांतलं पहिलं, उत्पत्ती, एका गावचं आणि दुसरं, निर्गम, दुसऱ्या गावचं असं शिवलं की ती गुंडाळी वाचता येईल पण ती कोणाचीच राहणार नाही. हे टेबलावरचे खरे पेच आहेत, बाहेरून दिसत नाहीत.

आणि परंपरेचं सरळ उत्तर असं की बाद गुंडाळी पुरायची. ज्यू लोक देवाचं नाव असलेलं जीर्ण लिखाण फेकत नाहीत, जाळत नाहीत, मातीच्या भांड्यात घालून स्मशानात विद्वानाच्या शेजारी पुरतात. आपण जीर्ण पोथी नदीत सोडतो ना, त्याच भावनेने. म्हणजे केंट हाऊसमधल्या कितीतरी गुंडाळ्यांना कायद्याने मातीची वाट मोकळी होती, कोणी दोष दिला नसता.

त्यांनी त्या पुरल्या नाहीत. आणि विकल्याही नाहीत, चांगल्यासुद्धा. सगळ्या ट्रस्टच्या नावावर ठेवल्या, आज तो मेमोरियल स्क्रोल्स ट्रस्ट म्हणून ओळखला जातो, आणि ज्यांनी मागितल्या त्यांना उसन्या दिल्या. नुसत्या ठेवून घ्यायला, मालकी ट्रस्टचीच. सिनेगॉग बंद झालं किंवा दोन सिनेगॉग एक झाली तर गुंडाळी परत करायची किंवा ट्रस्टला विचारून पुढे पाठवायची. वाचनयोग्य होत्या त्या वाचनाला गेल्या आणि बाद होत्या त्याही गेल्या, काचेत ठेवायला, आठवणीच्या दिवशी हातात धरून फिरवायला. प्रत्येकीवर नंबर आणि गाव माहीत असेल तर गाव. सुमारे १,४०० गुंडाळ्या आज जगभर अशा उसन्या आहेत, सगळ्यात जास्त अमेरिकेत.

उसनी का, विकली का नाही, ह्यावर मी बराच विचार केलाय. विकल्या असत्या तर दुरुस्तीला पैसे मिळाले असते, सोफेर अजून चार ठेवता आले असते. पण विकलेली वस्तू घेणाऱ्याची होते, तिचा नंबर निघून जातो, तिसऱ्या पिढीत ती नुसती जुनी गुंडाळी राहते. उसनी वस्तू घेणाऱ्याला दर वेळी आठवावं लागतं की ही कोणाची. आणि झालंही तसंच. कितीतरी सिनेगॉगनी आपल्याकडे आलेल्या गुंडाळीचं गाव शोधलं, तिथे जाऊन आले, तिथल्या ज्यूंची नावं काढली, त्यांच्या मुलांनी बार मित्स्वाला, म्हणजे तेराव्या वर्षी वयात आल्याच्या विधीला, त्या गावच्या त्याच वयाच्या पण न वाढलेल्या मुलाचं नाव घेतलं. चिठ्ठी सुटून गेली म्हणून गाव कळत नाही अशा दोनशेवर गुंडाळ्यांना ते अनाथ म्हणतात. त्यांनाही घरं मिळाली.

गुंडाळीशिवाय समाज म्हणजे काय हे आपल्या इथल्या एका माणसाला नीट कळलं होतं. कोकणातल्या बेने इस्राएल समाजातले सामाजी हसाजी दिवेकर, सॅम्युएल इझिकेल दिवेकर, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते, टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि १७९६ मधे मुंबईत मांडवीला, आजच्या सॅम्युएल स्ट्रीटवर, शहरातलं पहिलं सिनेगॉग बांधलं, शार हारहमीम. इमारत झाली. पण इमारतीत ठेवायला सेफेर तोरा पाहिजे आणि कोकणात तेल गाळणाऱ्या ह्या समाजात ते लिहिणारा सोफेर नव्हता. म्हणून दिवेकर गुंडाळ्या आणायला कोचीला गेले आणि १७९७ मधे तिथेच वारले. दक्षिण मुंबईतून जाताना मला ह्याची आठवण येते, एक म्हातारा शिपाईगडी समुद्रमार्गे कातड्यावर लिहिलेल्या अक्षरांसाठी जातो आणि परत येत नाही. १९६० नंतर अमेरिकेतल्या नव्या उपनगरांत जी सिनेगॉग उभी राहिली त्यांनाही हीच गरज होती, तिथून वेस्टमिन्स्टरला पत्रं येत होती.

ह्या निर्णयावर आक्षेप घेणारेही आहेत आणि त्यांचं म्हणणं हलकं नाही. बाद गुंडाळी काचेत ठेवणं म्हणजे वाचायच्या वस्तूची मूर्ती करणं, असं काहींना वाटतं. काचेतल्या दिव्याने चर्मपत्र सुकतं, तेही नुकसान आहेच. आणि दुसऱ्या टोकाला असे लोक आहेत जे म्हणतात की कितीही वर्षं लागली तरी सगळ्या दुरुस्त करा, मारणाऱ्यांच्या हातून एकही अक्षर जाऊ देऊ नका. ह्या दुसऱ्या म्हणण्याने मन ओढलं जातं हे खरं. पण मला वाटतं निम्मी शाई गेलेली गुंडाळी पूर्ण परत लिहिली तर ती ब्रँड ह्यांची गुंडाळी होईल, त्या गावची नाही, आणि मिख्लेची ओल त्या गुंडाळीला लागली हेही तिच्यावर लिहिलेलंच आहे, ते पुसायचा हक्क आपल्याला आहे का? माझ्या टेबलावर मी ह्या प्रकरणानंतर एक सवय लावून घेतली, दुरुस्ती सुरू करायच्या आधी लिहून ठेवतो की मी कुठे थांबणार. कारण हात चालायला लागला की थांबत नाही.

केंट हाऊसमधे वरच्या मजल्यावर आता छोटं म्युझियम आहे, १९८८ पासून, पुढे २००८ मधे नव्याने मांडलं. उसन्या न गेलेल्या गुंडाळ्या अजून त्याच रॅकवर आहेत, नंबर लावून.

आणि प्रागमधे, जिथून ह्या निघाल्या, पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर बोहेमिया मोराव्हियाच्या मारल्या गेलेल्या ज्यूंची नावं आहेत, जवळपास ७८,०००, गावागावाप्रमाणे. व्हाक्लाव बोश्तीक आणि यिर्झी योन ह्या दोन चित्रकारांनी १९५४ ते १९५९ मधे ती ब्रशने हाताने लिहिली. मग भिंतीत खालून ओल चढली, १९६८ मधे इमारत बंद झाली आणि बंद असताना अक्षरं गेली. १९९२ मधे माणसं परत शिडीवर चढली आणि चार वर्षं लावून एकेक नाव पुन्हा लिहिलं.